बेन म्हातारा मेला, बहुमतानं

गांधी शताब्दीचं वर्ष नागपुरात महाल भागातल्या त्या मिडल स्कूलनं धूमधडाक्यात साजरं केलं. प्रभातफेरी निघाली, भाषणं झाली, पोट्ट्यांना बुंदी वाटून झाली, आणि पुढच्याच जूनमध्ये शाळेतला कताईचा तास बंद झाला. नत्थूजी चपराशानं सगळ्या टकळ्या एका खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं. मागे उरले कताईचे मास्तर चंपतराव. त्यांना काही माळ्यावर टाकता येत नव्हतं.

चंपतरावांची अर्धी हयात पोरांना पेळूतून सूत काढायला शिकवण्यात गेली होती. शिक्षण म्हणाल तर व्हर्नाक्युलर सातवी, त्यावर मास्तरकीचं नॉर्मल स्कूल, त्यावर वर्ध्याचं कताईचं सर्टिफिकेट. माणूस सज्जन, आवाज खणखणीत, धोतर रोज धुतलेलं. पण विषयच गेला म्हटल्यावर सज्जनपणाचं काय लोणचं घालायचं? सरकारी भाषेत अशा मास्तराला सरप्लस म्हणत. सरप्लस झालेल्याला कुठं फेकतील याचा नेम नव्हता, आणि कधीकधी तर घरीच बसवत. चंपतरावांच्या घरी आधीच बरीच माणसं बसलेली होती. बायको रुखमाबाई होत्या, रुखमाबाईंची दम्याची आई होती, आणि कॉलेजात जाऊन दरवर्षी त्याच वर्गात परत येणारा मुलगा होता. त्यात आणखी एकाची जागा नव्हती.

नशीब म्हणा की काय म्हणा, त्याच सुट्टीत इंग्रजीच्या गोपिकाबाई नवऱ्यामागे भिलाईला निघून गेल्या. हेडमास्तर मनोहररावांनी चंपतरावांना ऑफिसात बोलावलं.

"चंपतराव, सातवीची इंग्रजी घेता काय?"

"मी?"

"नाही तं सरप्लसमध्ये नाव जाते तुमचं. मंग माझ्या हातात काही राहत नाही."

"घेतो नं साहेब. न घ्यायला काय झालं?"

इंग्रजी येते काय, असं मनोहररावांनी विचारलं नाही. आणि जे विचारलंच नाही त्याचं उत्तर देत बसायला चंपतराव काही खुळे नव्हते. त्यांना इंग्रजीतली मोठी अक्षरं येत. मालगाडीच्या डब्यांवर ती असतात, इतवारी स्टेशनावर उभ्या उभ्या शिकले होते. लहान अक्षरांपैकी काही ओळखीची होती, काहींचे चेहरे नुसते पाहिल्यासारखे वाटत. तेवढ्या भांडवलावर ते जुलैत वर्गात शिरले. कताई शिकवत तोवर पोरं त्यांना गुरुजी म्हणत. इंग्रजीचं पुस्तक हातात आलं त्या दिवसापासून सर म्हणू लागली.

वर्ग चालवणं तसं अवघड गेलं नाही. एका पोराला उभं करायचं, वाच म्हणायचं. अडखळला की डोळे वटारायचे आणि "घरून पाहून ये" म्हणायचं. मग "पुढचा!" असं गरजायचं. गोपिकाबाईंच्या वेळी वर्गात गलका असायचा, आता टाचणी पडली तर ऐकू येई. मनोहरराव व्हरांड्यातून जाताना मान डोलवत. खरी पंचाईत होमवर्कची होती. होमवर्क दिला की तपासावा लागतो, आणि तपासायला उत्तर ठाऊक असावं लागतं. कोणी काढली ही रीत कोणास ठाऊक.

पहिला गठ्ठा घरी आला तेव्हा चंपतराव लाल पेन्सिल घेऊन खाटेवर बसले आणि बसूनच राहिले. रिकाम्या जागा भरा, वाक्यं बदला, असलं काहीबाही पोरांनी लिहून आणलं होतं. रुखमाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

"काय पाहून राहिले वहीकडे एवढं? रागावली काय ती तुमच्यावर?" रुखमाबाई म्हणाल्या.

"तपासून राहिलो."

"हातातली पेन्सिल तं हलत नाही."

आणि तेवढ्यात चंपतरावांना कताई आठवली. कताईत पोरांच्या सुताच्या गुंड्या तपासायची त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यात आजवर कोणी खोट काढली नव्हती. सगळ्या गुंड्या सतरंजीवर ओळीनं मांडायच्या. जी इतरांसारखी दिसत नाही ती चुकली. फार जाड, फार बारीक, गाठी पडलेली, डोळ्याला आपोआप खुपते. एकसारखेपणा हीच तर सुताची परीक्षा. मग इंग्रजी काय आभाळातून पडली?

त्यांनी वह्या खाटेवर ओळीनं उघडून मांडल्या. पहिल्या प्रश्नाला बहुतेक सगळ्यांनी एकच अक्षरं काढली होती. ती बरोबर. ज्याची वेगळी त्याला फुली. दुसऱ्या प्रश्नाला तेच, तिसऱ्याला तेच. दिवेलागणीच्या आत गठ्ठा संपला. एवढ्याशा कामासाठी गोपिकाबाई रविवार रविवार घालवत होत्या, याचं त्यांना मनापासून हसू आलं.

आता पोरांची उत्तरं इतकी एकसारखी कशी, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. चंपतरावांना पडला नाही, कारण तो पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. उत्तर सोपं होतं. वर्गाचा मॉनिटर पुंडलिक, बडकस चौकाजवळच्या एका हलवायाचा पोरगा. त्याच्याजवळ गाईड होतं. प्रार्थनेच्या आधी शाळेमागच्या कडुनिंबाखाली पुंडलिकची वही उघडी पडायची आणि अख्खा वर्ग तिच्यावर तुटून पडायचा. फक्त ते गाईड होतं त्याच्या मोठ्या भावाचं, जुन्या पुस्तकाचं. पुस्तकं मध्येच बदलली होती. धड्यांचे आकडे तेच, धडे दुसरे. पुंडलिक आकडा पाहून उत्तर उतरवायचा. प्रश्न वाचण्याची त्याला सवय नव्हती, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी सवय लावून घ्यावी असंही त्याला वाटत नव्हतं.

त्यामुळे त्या वर्षी त्या वर्गात एक वेगळीच इंग्रजी तयार होत होती. तिला शेंडा नव्हता, बुडूख नव्हतं, पण शिस्त फार होती.

या शिस्तीत एकच वही बसत नव्हती. चारुशीला रंगारी. शेवटच्या बाकावर खिडकीजवळ बसायची, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गोपिकाबाईंनी दोन वर्षं जे शिकवलं ते तिनं खरंच डोक्यात ठेवलं होतं, आणि जाताना बाईंनी तिला आपली फाटकी डिक्शनरी देऊन टाकली होती. ती कडुनिंबाखाली जात नसे. घरून पुस्तक वाचून, डिक्शनरी पाहून, आपल्या मनानं लिहून आणायची. दरवेळी तिची वही खाटेवरच्या ओळीत वेगळी दिसायची, आणि दरवेळी चंपतराव तिच्यावर वरपासून खालपर्यंत फुल्या मारून खाली लिहायचे, "लक्ष दे." फुल्या मारताना त्यांना वाईट वाटायचं. पोरगी शांत होती, अक्षर मोत्यासारखं होतं. पण एवढं सुंदर अक्षर असून पोरगी इतकी मठ्ठ कशी निघाली, याचं त्यांना नवल वाटे.

दिवाळीनंतर जोड-वाचनाच्या पुस्तकातला सातवा धडा आला. घरी वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, असा होमवर्क चंपतरावांनी दिला. शेवटचा प्रश्न धड्यातल्या म्हाताऱ्याचं अखेर काय झालं असा होता. पोरांच्या वह्या आल्या. सगळ्या वर्गानं एकमुखानं लिहिलं होतं, तो मेला. चारुशीलानं काही तरी लांबलचक लिहिलं होतं. फुली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सर, बेन मेला नाही."

"कोण बेन?"

"म्हातारा. सातव्या धड्यातला."

त्या धड्यात म्हातारा आहे हे चंपतरावांना त्या क्षणी कळलं. पण चेहरा त्यांनी जागचा हलू दिला नाही.

"हे पाय वं, सारा वर्ग म्हणून राहिला का मेला. तू एकटी म्हणतं का नाही मेला. आता कोणाचं आयकाव मी? तूच सांग."

"पण सर, तो शेवटी खाली येते नं. अन् चहा मागते."

"मेलेला माणूस चहा मागते काय?"

"म्हणून तं म्हणून राहिली सर, का मेला नाही."

पोरगी काही वाकडं बोलली नव्हती. तिचं म्हणणं चंपतरावांना पटलंही होतं, हीच तर अडचण होती. पण या एका म्हाताऱ्याला जिवंत केलं तर बाकीच्या साऱ्या वह्यांवरच्या बरोबरच्या खुणा पुसाव्या लागणार. मग पोरं विचारणार, सर, आधी काहून बरोबर दिलं? मग पोरांचे बाप विचारणार. मग मनोहरराव. त्या वाटेच्या टोकाला ती सरप्लसची यादी उभी होती, आणि तिच्यात त्यांचं नाव.

"जागेवर जाऊन बस," ते म्हणाले. "मोठ्यानं विचार करत नको जाऊस."

घरी जाऊन त्यांनी सातवा धडा उघडला. शब्द काही ओळख दाखवायला तयार नव्हते, पण चित्र होतं. चित्रात एक दाढीवाला म्हातारा कुठल्याशा मनोऱ्याच्या पायऱ्यांवर आडवा पडला होता, डोळे मिटलेले. चंपतरावांचा जीव भांड्यात पडला. असा पायऱ्यांवर पडलेला म्हातारा जगतो होय? त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या रात्री पोटभर जेवले.

सहामाहीच्या निकालात चारुशीलाच्या इंग्रजीखाली लाल रेघ आली. आणि चार दिवसांनी तिचा बाप शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बळीराम रंगारी लकडगंजात एका आरा मशीनवर कामाला होता. कामावरून तसाच आला होता, केसांत आणि खांद्यावर लाकडाचा भुसा. चंपतरावांना पाहून त्यानं हात जोडले.

"सर, मी चारूचा बाप."

"हो हो. या नं. बोला."

"पोरगी इंग्रजीत नापास दिसते. घरी तं सारखी पुस्तक घेऊन बसते. दुसऱ्या विषयांत चांगले मार्क आहेत तिले. मले काही इंग्रजी समजत नाही सर, मी तिसरी शिकलेला माणूस. पण वही पाहिली मी. पहिल्या पानापासून फुल्या. एक बी बरोबर नाही?"

"लक्ष नाही देत ती," चंपतराव म्हणाले.

बळीरामनं खाली पाहिलं. पायानं एक खडा उगाच बाजूला केला.

"तिची आई म्हणते, नापास झाली तं शाळा बस झाली. भिवापूरले मावशी आहे तिची. तिथं मिरचीचे देठ खुडायले बाया लागतात, धाडून देऊ म्हणते. मी म्हणलं, पह्यले सरले विचारून येतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, राग नका मानू. पोरीचं चुकते म्हणून चुकते, का... दुसरं काही कारण तं नाही नं?"

दुसरं कारण म्हणजे कोणतं, हे चंपतरावांना फोडून सांगायची गरज नव्हती. रंगारी हे आडनाव कोणत्या वस्तीतलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे बळीरामला ठाऊक होतं. नागपुरात त्या सालीही असले मास्तर पुष्कळ होते, जे वही उघडायच्या आधी वहीवरचं नाव वाचत, आणि नावातली जात. चंपतराव तसे नव्हते. कताईच्या तासाला त्यांनी कोणाच्या हातचं सूत वेगळं ठेवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून अभिमानही होता.

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग कोणतं? आणि दुसरं तर नव्हतंच काही सांगायला, एकच होतं, की बाबा, मला इंग्रजी येत नाही. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. तेवढ्यात व्हरांड्यातून मनोहरराव गेले, आणि वाक्य होतं तिथं परत गेलं.

चंपतरावांनी धोतराचा सोगा नीट केला.

बळीरामनं थोडा वेळ वाट पाहिली. मग "बरं सर," म्हणाला, पुन्हा हात जोडले आणि निघून गेला. जाताना तो रागावलेलाही दिसला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं चंपतरावांना वाटलं.

पुढच्या होमवर्कचा गठ्ठा आला तेव्हा खाटेवरची ओळ पहिल्यांदाच निखळ एकसारखी होती. एकही वही खुपत नव्हती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तसा ढीग समोर होता. चंपतरावांनी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. चारुशीलाची वही कोणती हे त्यांना नाव वाचूनच कळलं. पोरगी सुधारली, असं ते स्वतःला म्हणाले. रुखमाबाईंनी केलेली झुणका-भाकर मात्र त्यांना त्या दिवशी गोड लागली नाही, आणि त्याचं खापर त्यांनी तिखटावर फोडलं.

जानेवारीत वर्दी आली, शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार. शाळेत एकच धावपळ उडाली. नत्थूजीनं नकाशांवरची धूळ झटकली, मुताऱ्यांना चुना लागला, मनोहररावांनी साहेबांच्या जेवणासाठी घरी गोळाभात सांगून ठेवला. चंपतरावांचं मात्र तोंडचं पाणी पळालं. साहेब इंग्रजीत विचारणार. पोरांना विचारलं तर ठीक, पण मास्तराला विचारलं तर?

"मनोहररावजी, माझा वर्ग राहू द्या नं," त्यांनी विनवून पाहिलं.

"अरे, तुमचाच तं दाखवायचा आहे! अशी शिस्त कोणाच्या वर्गात आहे?"

साहेब आले. गळ्यात मफलर, हातात डायरी, त्या दिवशीची त्यांची ही दुसरी शाळा आणि अजून एक बाकी. वर्ग उठून उभा राहिला, बसला. साहेबांनी होमवर्कच्या वह्या चाळल्या. बरोबर, बरोबर, बरोबर. साहेब खूश झाले.

"कोणता धडा चांगला झाला आहे?" त्यांनी मनोहररावांना विचारलं.

मनोहररावांनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांच्या तोंडून एकच आकडा निघाला, कारण त्या पुस्तकातला तेवढा एकच धडा त्यांच्या थोडाफार ओळखीचा होता. "सातवा, साहेब."

साहेबांनी पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, पान उलटलं, घड्याळ पाहिलं. मग इंग्रजीत विचारलं, म्हाताऱ्याचं शेवटी काय झालं?

"ही डाइड, सर!" अख्ख्या वर्गानं आरोळी ठोकली. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं.

साहेबांच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली. त्यांनी पुन्हा पानाकडे नजर टाकली. पण एवढी पोरं एका दमात सांगताहेत म्हटल्यावर पानच खोटं बोलत असणार, असं बहुधा त्यांना वाटलं असावं. तरी खात्री म्हणून त्यांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "तू. तू सांग."

चारुशीला उभी राहिली. चंपतरावांनी टेबलाची कड धरली. पोरगी खरं बोलली की संपलं. साहेब धडा वाचतील, वह्या उघडतील, आणि मास्तराकडे वळतील.

चारुशीलानं चंपतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या फळ्याकडे पाहत म्हणाली, "ही डाइड, सर."

"गुड," साहेब म्हणाले.

व्हरांड्यात मनोहररावांनी चंपतरावांची पाठ थोपटली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, इंग्रजीचा वर्ग उत्तम, मुलांची तयारी एकसारखी. नोकरी वाचली होती. चंपतरावांनी उड्या माराव्यात असा दिवस होता. त्याऐवजी ते वर्गात परत गेले. सुट्टी झाली होती, पोरं बाहेर पळाली होती. चारुशीला डबा उघडत होती.

"काहून वं," चंपतरावांनी विचारलं, "तू तं म्हणत होती, जिवंत आहे म्हणून?"

ती डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली.

"आहेच तं जिवंत, सर. रात्री बर्फ पडते, मनोऱ्याचं दार उघडत नाही, गावाले वाटते मेला. तो वरच पायऱ्यांवर, घड्याळाजवळ झोपला राहते. सकाळी घंटा वाजवते अन् खाली येते."

"मंग मेला काहून म्हटलं?"

"बाबांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाले, सर आपल्याले बरोबर देणार नाहीत. तू सगळ्यांसारखं लिहीत जाय. सगळ्यांसारखं असलं का कोणाचं आहे ते दिसत नाही." मग जरा घाईनं म्हणाली, "मले आठवीत जायचं आहे सर. भिवापूरले नाही जायचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसात छत्री न्यावी असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. चंपतरावांना भयंकर लाज वाटली. ते वळले आणि सरळ ऑफिसात गेले.

ऑफिसात साहेबांच्या पुढ्यात संत्रा बर्फीची बशी होती. गोळाभात वर्ग पाहण्याआधीच होऊन गेला होता.

"साहेब," चंपतराव दारातूनच म्हणाले, "तो म्हातारा मेला नाही."

साहेबांचा हात बशीवर थांबला. "कोण म्हातारा?"

"बेन. सातव्या धड्यातला. तो झोपला होता."

"चंपतराव, साहेब खाऊन राहिले," मनोहरराव घाईनं म्हणाले.

"खाऊ द्या नं. मी उभ्यानंच सांगतो." आणि त्यांनी सांगून टाकलं. सारा वर्ग चुकीचा आहे. एक पोरगी बरोबर आहे. तिला जुलैपासून फुल्या दिल्या, कारण मला इंग्रजी येत नाही.

"येत नाही म्हणजे?" साहेब चक्रावले. "कधीपासून येत नाही?"

"पहिल्यापासूनच, साहेब."

साहेबांनी शेरेबुक पुढे ओढलं. शाई वाळली होती. शेऱ्यात खाडाखोड केली तर खाली कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं तर आपणही पान पाहून आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही हे लिहावं लागतं. शेवटी त्यांनी शेरा तसाच ठेवला आणि मनोहररावांना म्हणाले, पोरीच्या वह्या तुम्ही स्वतः पाहा, आणि यांचं नाव यादीत टाका. मग उरलेली बर्फी कागदात बांधून मागितली.

मनोहररावांनी त्या संध्याकाळी सातवा धडा पहिल्यांदा वाचला. म्हातारा जिवंत निघाला. चारुशीलाचे मार्क त्यांनी सुधारले, लाल रेघ खोडली आणि खाली सही केली. चंपतरावांचं नाव एक तारखेपासून सरप्लसमध्ये गेलं. रुखमाबाईंनी ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला, आणि म्हणाल्या, "सांगायचंच होतं तं जूनमध्येच सांगायचं होतं. एवढी खाट तं अडली नसती."

पण चंपतरावांचं एक काम राहिलं होतं. मनोहररावांनी मार्क सुधारले, ते पोरीचे. बापाचा प्रश्न फाटकाशी तसाच पडून होता. तो कागदानं मिटण्यासारखा नव्हता. दोन दिवसांनी ते सायकल काढून लकडगंजात गेले. आरा मशीनवर ओंडका चढलेला होता आणि कानठळ्या बसवणारा आवाज चालला होता. बळीरामनं त्यांना पाहिलं आणि मशीन बंद करायला सांगितली. आसपासचे दोघं-तिघं कामगार हातातलं काम ठेवून पाहू लागले. चंपतरावांनी त्यांच्यासमोरच बोलायचं ठरवलं.

"बळीरामभाऊ, तुम्ही विचारलं होतं, दुसरं काही कारण तं नाही. नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, ते नव्हतं. मले इंग्रजी येत नाही. सगळ्यांचं पाहून तपासत होतो. तुमची पोरगी एकटी बरोबर लिहीत होती, म्हणून तिचंच चुकत गेलं."

बळीरामनं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. सावकाश पुसलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग त्याच दिवशी काहून नाही सांगितलं सर? मी समोर उभा होतो."

"लाज वाटली, भाऊ. मास्तर असून येत नाही म्हणायची."

पोरगी पास झाल्याचं बळीरामला कळलं होतं, चेहऱ्यावर राग असा नव्हताच.

"इंग्रजी येत नाही म्हणायची लाज वाटली," तो म्हणाला. "अन् मी जे समजून घरी गेलो, पोरीले जे सांगितलं, ते समजू द्यायची लाज नाही वाटली?"

चंपतरावांनी तोंड उघडलं. वाटली होती, असं म्हणता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

"नाही वाटली," ते म्हणाले. "तेव्हा नाही वाटली."

बळीरामनं मान हलवली. मग त्यानं हात वर करून खूण केली, आणि मशीन पुन्हा सुरू झाली.